सहीनंतर लिहिलेलं कलम

रोकडेंची सही मीच घेतली होती, आणि ती कोऱ्या कागदावर घेतली होती. शहापूरच्या एसटी स्टँडसमोर, त्यांच्या स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून.

"वरती काय लिवणार?" त्यांनी विचारलं.

"आपलीच मागणी. लायसन्स रिन्यूअलची. मजकूर अजून टाइप व्हायचाय."

त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि सही केली. त्या सहीच्या वर नंतर मी जे लिहिलं, त्यानेच त्यांचं लायसन्स अडकलं.

मी मुरबाडला कंत्राटी कामगार पुरवण्याचा व्यवसाय करतो. लोक आम्हाला लेबर कॉन्ट्रॅक्टर म्हणतात. आम्ही स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डावर 'मॅनपॉवर सर्व्हिसेस' छापतो. काम तेच. एमआयडीसीतल्या कंपनीला पॅकिंगला, लोडिंगला, साफसफाईला माणसं लागतात. ती आम्ही आणायची, त्यांची हजेरी ठेवायची, पगार करायचा, पीएफ भरायचा. कायद्याच्या भाषेत कंपनी ही मूळ मालक आणि आम्ही कंत्राटदार. वीस किंवा जास्त माणसं लावायची तर कामगार खात्याचं लायसन्स लागतं आणि ते मुदतीत रिन्यू करावं लागतं. मुदत संपली की दुसऱ्या दिवशी कंपनीचं टाइम ऑफिस, म्हणजे हजेरीचं खातं, गेट उघडत नाही. माणसं बाहेर, टेम्पो बाहेर, आम्हीही बाहेर.

आमची संघटना नव्वदच्या दशकात उभी राहिली. त्याआधी प्रत्येक जण आपापली फाइल घेऊन एकटाच सरकारी ऑफिसात जायचा. एकटा कॉन्ट्रॅक्टर केबिनमध्ये गेला की तो स्वतःसाठी सवलत मागायला आला असं वाटतं. तोच विषय संघटनेने नेला की त्याला 'प्रश्न' म्हणतात आणि बसायला खुर्ची मिळते. एवढं कळायला आम्हाला काही वर्षं लागली. अध्यक्ष होते भोईर शेठ. स्वतः टेम्पो चालवत या धंद्यात आलेले. मी सेक्रेटरी, कारण मला निवेदन लिहिता यायचं.

निवेदनाला सह्या लागतात. आमचे सभासद मुरबाड, सरळगाव, किन्हवली, शहापूर, आसनगाव असे पसरलेले. मजकूर आदल्या दिवसापर्यंत बदलत राहायचा. म्हणून सह्यांचा कागद आधी फिरवायचा आणि मजकूर मागाहून त्याला जोडायचा, अशी पद्धत पडून गेली होती. ती माझ्या आधीपासून होती, पण मी ती आवडीने चालू ठेवली. तिच्यात जितका विश्वास होता तितकाच आळसही होता.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. लायसन्सचं रिन्यूअल फार लांबत होतं. मुदतीत अर्ज केला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुनं लायसन्स चालू धरायचं, असं नियमात होतंच. पण कंपन्या ते मानत नसत. पर्सोनेल मॅनेजर म्हणायचा, मला नियम सांगू नका, नवं लायसन्स दाखवा. म्हणून आमची मागणी साधी होती. अर्जाची जी पोचपावती मिळते, तिच्यावरच 'निर्णय होईपर्यंत जुने लायसन्स वैध' असा शिक्का मारून द्यावा. तो शिक्का दाखवला की गेट उघडेल.

मागणी लिहून झाली. एक पानसुद्धा भरलं नाही. मला ते कमी वाटलं. नुसतं मागायला गेलो तर भिकाऱ्यासारखं दिसतं, सोबत काहीतरी द्यायलाही हवं, असं माझं मत होतं. म्हणून मी शेवटी आणखी एक कलम टाकलं. ज्यांचं औद्योगिक क्षेत्रात स्वतंत्र कार्यालय आहे अशाच कंत्राटदारांची लायसन्स रिन्यू करावीत, म्हणजे बेजबाबदार लोकांना आळा बसेल, असं. वाक्य छान जमलं होतं. मी ते कोणाला दाखवलं नाही. भोईर शेठना फोनवर एवढंच म्हटलं, "शेवटी थोडं शिस्तीबद्दल लिहिलंय." ते म्हणाले, "लिव."

आता खरं सांगतो. बऱ्याचशा छोट्या सभासदांकडे एमआयडीसीत ऑफिस नव्हतं, हे मला माहीत होतं. रोकडेंकडे नव्हतं, हे तर पक्कं माहीत होतं. यशवंत रोकडे किन्हवलीच्या अलीकडच्या गावात राहायचे. घराच्या पडवीत एक टेबल, एक लोखंडी कपाट, हेच त्यांचं ऑफिस. स्वतः काही वर्षं कंपनीत हेल्पर होते. मग गावाबाहेरच्या वाडीतल्या लोकांना घेऊन त्यांनी मुरबाडच्या एका कंपनीत काम सुरू केलं. पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणारी कंपनी. वाडीतली ही माणसं आधी दिवाळी झाली की भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची, ती पोराबाळांसकट, आणि पावसाच्या तोंडाला परत यायची. रोकडेंचा टेम्पो सुरू झाल्यापासून ती गावातच राहू लागली होती.

त्या कंपनीचं काम मीही मागितलं होतं. मला मिळालं नाही, रोकडेंना मिळालं. कलम लिहिताना ही गोष्ट माझ्या मनात अजिबात नव्हती, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

निवेदन घेऊन आम्ही पाच जण कामगार खात्याच्या ऑफिसात गेलो. अधिकारी मॅडम होत्या. कमी बोलणाऱ्या, कागद पूर्ण वाचणाऱ्या. शिक्क्याच्या मागणीवर त्या म्हणाल्या, "वर विचारावं लागेल." शेवटच्या कलमावर मात्र थांबल्या.

"हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत?"

"हो मॅडम," मी म्हटलं.

"बरं वाटलं. कॉन्ट्रॅक्टर लोक स्वतःहून शिस्त मागतायत, हे मी पहिल्यांदा बघतेय. कायद्यात अशी अट नाही, पण अर्ज तपासताना ऑफिस पाहा, असं मी सांगू शकते."

बाहेर आल्यावर आम्ही चहा घेतला. मी खूश होतो. परिणाम काय झाला? आम्ही मागितलेलं विचाराधीन राहिलं आणि मी देऊ केलेलं लगेच लागू झालं.

नवरात्राच्या सुमारास रोकडे माझ्या ऑफिसात आले. बसा म्हटलं तरी उभेच राहिले.

"घोलप साहेब, माझं रिन्यूअल परत आलं."

"का?"

"एमआयडीसीत हापिस नाय म्हणून. मी बोललो, अशी अट कवापासून? तर क्लार्क बोलला, तुमच्याच संघटनेनं मागितलीय. कागद दावला. खाली माझी सही."

मी म्हटलं, "आपण बघू काहीतरी."

"माझी सही नाय असं तर मी बोलू शकत नाय. माझीच हाय." मग ते खुर्चीवर बसले. "लायसन संपलं. सोमवारपासून कंपनीनं गेट बंद केलंय. दसऱ्यानंतर भट्टीवाल्यांचे मुकादम वाडीवर येतात, उचल देतात. माणसांनी एकदा उचल घेतली का ती गेली. मग माझं लायसन येऊन तरी काय करू?"

"रोकडे, मला वेळ द्या."

"वेळ माझ्याकडं कुठाय? तुमी सेक्रेटरी हाय. तुमीच सांगा. सरकारनं अडवलं असतं तर मी संघटनेकडं आलो असतो. संघटनेनं अडवलं तर कुणाकडं जायाचं?"

ते रागाने बोलले नाहीत. खरंच विचारत होते. शहापूरला कामगारांचा एक पुढारी होता, त्याच्याकडे ते गेले असते, तर आमच्या कोऱ्या कागदांची गोष्ट दुसऱ्या दिवशी पेपरात आली असती. ते आधी माझ्याकडे आले. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

त्याच दिवशी मी भोईर शेठकडे गेलो आणि सगळं सांगितलं. सह्या आधी घेतल्या, कलम मागाहून टाकलं, कोणाला दाखवलं नाही. बॉक्स कंपनीचं काम मी मागितलं होतं, हेही सांगितलं.

शेठ सुपारी कातरत ऐकत होते.

"तुला सेक्रेटरी कशाला केला रे?"

"लिहिता येतं म्हणून."

"तेच चुकलं माझं. न लिवणारा केला असता तर एवढी वाट नसती लागली."

"मी राजीनामा देतो."

"दे ना. आणि निस्तरणार कोण? मी? मला तर लिवता येत नाय." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "राजीनामा राहू दे. मीटिंग लाव. तुझ्या सोयीच्या हॉटेलात नाय, किन्हवलीला लाव. छोटी माणसं येतील अशा ठिकाणी. आणि तूच उठून सांग."

तोपर्यंत आमच्या मीटिंगा मुरबाडच्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये व्हायच्या. मोठे सभासद गाडीने यायचे, छोट्यांची शेवटची एसटी चुकायची. म्हणून ते येत नसत, आणि ते येत नाहीत म्हणून त्यांना काही म्हणायचं नाही असं आम्ही धरून चालायचो. किन्हवलीला शाळेचा वर्ग मिळाला. बाकांवर माणसं दाटीवाटीने बसली होती. यातले कित्येक चेहरे मी सह्या घेतानाच काय ते पाहिले होते.

मी उठून सांगितलं. सगळ्यांची माफी मागितली. सावंत म्हणून आमचे एक मोठे सभासद होते, मुरबाडला त्यांचं दुमजली ऑफिस होतं. ते म्हणाले, "कलम चांगलंच आहे. आता मागे घेतलं तर मॅडम आपल्याला दारात उभं करणार नाहीत. शिक्कापण जाईल. एका माणसासाठी सगळ्यांचं नुकसान करायचं?"

मागून कोणीतरी म्हणालं, "एक कशाला, उद्या आमचाबी नंबर हाय."

"मग घ्या ना मुरबाडला गाळा."

"तुमच्या खालच्या मजल्यावर देता का? भाडं नाय देणार."

वर्गात हशा पिकला. सावंतही हसले. मग रोकडे उठले. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही.

"मला घोलप साहेबांना बोलायचं नाय," ते म्हणाले. "मी कोऱ्या कागदावर सही केली. तुमी सगळ्यांनी केली. आपल्याला वाटलं, सही म्हणजे हजेरी. सावंत साहेब बोलतात ते बरोबर हाय, मॅडमचा भरोसा जाईल. तर मला सोबत न्या. ज्याचं लायसन अडकलंय तोच समोर उभा राहिला का त्यांना खोटं वाटणार नाय."

मतदान झालं. कलम मागे घ्यायचं ठरलं. सावंतांनी विरोधात हात वर केला, पण दुसऱ्या दिवशी मॅडमच्या ऑफिसात जायला गाडी त्यांनीच दिली. म्हणाले, "हरलो तरी सभासद आहे."

मॅडमनी आमचा नवा कागद वाचला आणि जुना काढून शेजारी ठेवला.

"मागच्या महिन्यात तुम्हीच मागितलंत. आता तुम्हीच नको म्हणताय. मी खाली सूचना दिल्यात. त्यांना काय सांगू?"

मी म्हटलं, "मॅडम, ते कलम संघटनेचं नव्हतं, माझं होतं. सह्या आधी घेतलेल्या होत्या. सभासदांनी ते वाचलेलंच नव्हतं."

त्या खुर्चीत मागे टेकल्या. "म्हणजे या सह्यांना काही किंमत नाही."

त्यांनी जुना कागद बोटाने पुढे सरकवला.

"मग पहिल्या मागणीलाही नाही. सह्या त्याच आहेत. शिक्क्याचा प्रस्ताव मी वर पाठवलाय, तो परत मागवू का?"

एका माणसाचं लायसन्स सोडवायला गेलो आणि सगळ्यांचा शिक्का घालवून बसणार, असं दिसत होतं. भोईर शेठ माझ्याकडे बघत होते.

रोकडे पुढे झाले. "मॅडम, मी रोकडे. याच्यात तिसरी सही माझी हाय. माझंच रिन्यूअल परत आलंय."

"बोला."

"सही देताना मी इचारलं होतं, वरती काय लिवणार. मला सांगितलं, रिन्यूअलची मागणी. ती मागणी माझी तेवाबी होती, आजबी हाय. त्याच्यासाठी ती सही खरी धरा. हापिसाचं मला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी सही दिली नसती, भांडलो असतो. तेवढ्यापुरती ती खोटी धरा."

"एकच सही अर्धी खरी, अर्धी खोटी?"

"चूक झाली ती तिथंच झाली, मॅडम."

मॅडमनी दोन्ही कागद पुन्हा एकदा पाहिले. मग रोकडेंना विचारलं, "हजेरीची, पगाराची रजिस्टरं कुठे ठेवता?"

"कंपनीच्या गेटवर. इन्स्पेक्टर कवाबी बघू शकतात."

"कायद्याला तेच हवंय," त्या म्हणाल्या. आमच्याकडे वळून पुढे म्हणाल्या, "मीही चौकशी न करता तुमचं कलम उचललं. संघटना लिहितेय म्हणजे सगळ्यांना विचारून लिहीत असेल, असं धरलं. ऑफिसची सूचना मी मागे घेते. शिक्क्याचा प्रस्ताव राहू दे. पण इथून पुढे मजकुराच्या प्रत्येक पानावर सह्या असल्याशिवाय तुमचा कागद मी घेणार नाही."

एवढंच. त्या आम्हाला हाकलून देऊ शकल्या असत्या. आपली चूक त्यांनी आमच्यासमोर एका वाक्यात मान्य केली आणि पुढच्या कामाला लागल्या. सरकारी ऑफिसांबद्दल मी पुष्कळ वाईट बोललो आहे. त्या दिवसानंतर जरा जपून बोलतो.

दिवाळीनंतर रोकडेंचं लायसन्स रिन्यू झालं आणि टेम्पो पुन्हा सुरू झाला. शिक्क्याची मागणीही पुढे मान्य झाली. ज्या दिवशी पहिली शिक्का मारलेली पोचपावती हातात आली, त्या दिवशी भोईर शेठनी पेढे वाटले आणि मला म्हणाले, "तू नको घेऊ. तुझं निस्तरणं अजून बाकी हाय." पण दिला. संघटना मोडली नाही, उलट वाढली. आता मीटिंगा आळीपाळीने मुरबाडला, किन्हवलीला, शहापूरला होतात. निवेदन आधी वाचून दाखवतो, मग सह्या होतात. त्यात वेळ जातो. वाचून दाखवताना कोणी ना कोणी हरकत घेतोच आणि दहापैकी सहा वेळा ती बरोबर असते. संघटनेच्या नावाने लिहिताना लिहिणाऱ्याला वाटतं की सगळे आपल्यासारखाच विचार करतात. तसं नसतं, एवढंच मी या धंद्यात शिकलो.

पण एक गोष्ट राहिली होती. लायसन्स येईपर्यंतच्या त्या दिवसांत वाडीतल्या दोन घरांनी उचल घेतली होती आणि ती भट्टीवर निघून गेली होती. हे मला रोकडेंनी सांगितलं नाही, त्यांच्या टेम्पोवाल्याकडून कळलं.

पावसाच्या तोंडाला मी रोकडेंच्या घरी गेलो. मीटिंगमध्ये मी सगळ्यांची माफी मागितली होती, पण बॉक्स कंपनीचं त्यांना बोललो नव्हतो. ते बोललो. ते काम मला हवं होतं आणि कलम लिहिताना ते मनात होतं, असं सांगितलं.

रोकडे म्हणाले, "म्हायती हाय मला. तुमचं कोटेशन कंपनीच्या मॅनेजरनंच मला दावलं होतं."

"तरी तुम्ही त्या दिवशी माझ्या बाजूने बोललात."

"तुमच्या बाजूनं कुठं? मी शिक्क्याच्या बाजूनं बोललो." ते हसले. "आणि माझी माफी कशाला मागता? माझं लायसन आलं. ज्यांचं गेलं त्यांना बोला. कालच परत आलीत. चला."

वाडी गावाबाहेर, ओढ्यापलीकडे. त्या दोन घरांतलं पहिलं घर रामा मुकणेचं. तो छपरावर नवा पेंढा चढवत होता. त्याची बायको सकी खालून पेंढ्या वर देत होती. त्यांच्या दोन मुली दाराशी बसल्या होत्या. भट्टीच्या लाल धुळीने त्यांचे केस तांबडे झाले होते. त्या वर्षी त्यांची शाळा बुडाली होती.

सकीने माझ्याकडे पाहिलं आणि रोकडेंना विचारलं, "ह्यो कोन? भट्टीवाला का? आमी आता कोनाची उचल नाय घेनार."

"नाय गो, भट्टीवाला नाय," रोकडे म्हणाले. "त्येंना बोलायचंय." आणि ते बाजूला जाऊन उभे राहिले. मला मदत करणार नाहीत, हे कळलं.

मी इतकी वर्षं निवेदनं लिहीत होतो. तिथे उभा राहिल्यावर एकही शब्द उपयोगाचा नव्हता. संघटना म्हणजे काय, कलम म्हणजे काय, रिन्यूअल म्हणजे काय, हे त्यांना सांगत बसलो असतो, तर ती पुन्हा सबबच झाली असती. रामा छपरावरून खाली उतरला आणि बायकोशेजारी येऊन थांबला.

मी म्हटलं, "दिवाळीच्या आधी मुरबाडच्या कंपनीचं गेट तुमच्यासाठी बंद झालं होतं. ते रोकडेंमुळे नाही, माझ्यामुळे झालं. मी सरकारला एक गोष्ट लिहून दिली, तुम्हाला कोणाला न विचारता. माझा त्यात फायदा होता. त्यापायी तुम्हाला भट्टीवर जावं लागलं. मुलींची शाळा गेली. माझं चुकलं. मला माफ करा."